लायसन्स की सापडली नाही

दादा,

आज गॅरेजमध्ये बिघाड शोधायला गाडीला स्कॅनर लावलास की कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर 'लायसन्स की सापडली नाही' असं येईल. कॉम्प्युटर बंद-चालू करत बसू नकोस, सॉफ्टवेअरही पुन्हा टाकू नकोस. बिघाड काहीच नाही. कॉम्प्युटरच्या मागे लावलेली ती पेनड्राइव्हसारखी छोटी की, जिच्याशिवाय स्कॅनर चालत नाही, ती मी काढून नेली आहे. बाबांनी ती माझ्या नावावर घेतली होती, कारण तुला तेव्हा कॉम्प्युटरचा वैताग यायचा. कंपनीला फोन केलास तरी ते हेच सांगतील.

काल गिऱ्हाइकांसमोर म्हणालास, "हिला काय येतं? नुसती बटणं दाबते." सगळे हसले, तूही पोट धरून हसलास. आता तू दाब.

दुरुस्तीला लावलेली पांढरी व्हॅन न्यायला तिचा ड्रायव्हर येईल. त्याला माझ्या नव्या गॅरेजचा पत्ता दिलाय. तुझा जुना भागीदार आठवतो ना? त्याच्याकडेच कामाला लागले मी. व्हॅन सुरू होत नाही, तेव्हा रस्त्यापर्यंत जरा धक्का मार. तेवढं तुला जमेल.

चहासाठी आईला हाका मारू नकोस. तिनं माझी बॅग भरून दिली, आणि मग स्वतःचीही भरली.