बेरजेची जोडी

कोपरी, ठाणे

प्रिय अनिश,

तुझ्या आईच्या, मंजुळाच्या गुडघ्याला तेल चोळतोस ना? पुण्याच्या थंडीत भाऊजींचा दमा कसा आहे? प्राप्तीची कावीळ उतरली का? तिला म्हणावं, मामाने वडे बंद सांगितलेत. आणि तुझा तो नवा सहाफुटी गोरा जोडीदार? परवा फोनवर तुमची टेनिसची मॅच पाहिली, तेव्हा गडी जिवंत असल्याचं काही दिसलं नाही, म्हणून विचारतो.

सहा-एक, सहा-दोन. पहिल्याच फेरीत हरलात! चेंडू दोघांच्या मधून जातोय आणि तुम्ही, दोन जावांनी उतू जाणारं दूध बघत राहावं, तसे उभे. मी कोर्टावर पाणी मारणारा, रोलर ओढणारा माणूस. खेळ शिकलो तो जाळीबाहेरून. पण डबल्समध्ये मधल्या चेंडूला 'माझा!' म्हणून ओरडणारा कोणीतरी लागतो, एवढं मलाही कळतं. सलिल ओरडायचा. तुझ्या शेजारी अकरा वर्षं घसा फोडला पोराने.

त्याचा खांदा दुखावला, क्रमांक घसरला. दोघांच्या क्रमांकांची बेरीज मोठी झाली, आणि लहान बेरजेच्या जोड्यांनाच आधी घेतात, म्हणून स्पर्धेत प्रवेश मिळेना. तर तू मोबाइलवर एक ओळ टाकून मोकळा: 'सॉरी भावा, रँकिंग बघावं लागतं.' अरे, ठरलेलं लग्न मोडणारेसुद्धा घरी येऊन बसतात, चार शब्द बोलतात! कोपरला सलिलच्या घरी गेलो तर त्याची आई मंदाकिनीताई मला विचारतात, आमचं काय चुकलं? भाचा माझा. काय तोंडाने सांगू?

पण पोरगा सावरला. कल्याणच्या केदारला सोबत घेतलं. केदारने तर सलिलच्या भरवशावर नोकरी सोडली. तीन महिने दोघं माझ्या कोर्टावर राबतायत, सलिलचा क्रमांकही पुन्हा वर आलाय.

आणि काल सलिल नाचत आला, "मामा, त्या गोऱ्याला सोडून अनिश मला परत बोलावतोय!" राग नाही, लाज नाही. म्हटलं, केदारचं काय? तर खाली बघून म्हणतो, "मेसेज टाकतो." शाब्बास! तू शिकवलंस, तो शिकला. मला दोघांची किळस आली रे.

म्हणून लिहितोय; फोनवर माझ्या तोंडून नुसत्या शिव्या निघतील. नावं द्यायची मुदत सोमवारी संपते. माझं तो ऐकत नाही, तुझं ऐकतो. फोन कर आणि त्याला सरळ नाही म्हण. तुला जोडीदार मिळणार नाही, ही स्पर्धा हुकेल. हुकू दे. निदान केदारचा गळा वाचेल. स्पीड पोस्टाने धाडतोय. फोन केल्या केल्या मला दोन ओळी लिही, जीव टांगणीला आहे.

तुझाच,
दामाजीमामा