मामंजींच्या नावाची मोकळी जागा

तीर्थरूप मामंजींच्या पायांशी सून नोसाखेलेचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? घोंगडी स्वतः पांघरता ना, की यंदाही वासराच्याच अंगावर? पोरं मजेत आहेत. मीही खुशाल आहे, फक्त कॉलेजात चोर ठरले आहे.

घाबरू नका. शिक्षिका होण्याच्या परीक्षेसाठी गावाविषयी निबंध हवा होता, म्हणून शाळेची घंटा तुम्ही बैलगाडीतून भरल्या नदीपलीकडे कशी नेलीत ते लिहिलं. (तुम्ही ते मला सांगितलंत असं म्हणता येणार नाही. सासरा सुनेशी गप्पा मारत बसत नाही, म्हणून तुम्ही अंगणात बसून कुत्र्याला सांगितलंत, चांगलं खणखणीत आवाजात, आणि मी आत मका कुटता कुटता ऐकलं. मुसळाचा आवाज फार झाला की तुम्ही थांबायचात आणि म्हणायचात, "बॉबी, ऐकतोयस ना?")

आमचे सियोलिसे सर म्हणजे कोवळं पोर (लग्न व्हायचं आहे, तेव्हा ज्ञान अर्धंच). त्यांनी एका वाक्याखाली लाल रेघ मारली: 'नदी भरली की बैलाला मारू नये, त्याच्या शेजारी उभं राहावं.' म्हणाले, "ताई, हे वाक्य तुमचं नाही. कुठून उचललंत?" मला राग यायला हवा होता, पण ऊर भरून आला. नाहीच माझं! "माझ्या सासऱ्यांचं आहे," म्हटलं. "मग त्यांचं नाव घाला." "सुनेला घेता येत नाही." "तोंडानं कुठे घ्यायचंय? लिहायचंय!" आता जे नाव घ्यायला जीभ धजत नाही ते लिहायला पेन कसं धजेल, हे या ब्रह्मचाऱ्याला कोण सांगणार? शेवटी मी खाली टीप दिली: 'ही माहिती बॉबीला सांगण्यात आली.' सरांनी बॉबीचं आडनाव विचारलं. पुढचं लिहीत नाही. सोमवारपर्यंत खरं नाव आलं नाही तर मी नापास, आणि मग शिक्षिका होणं या जन्मी राहिलंच.

तुमचे चिरंजीव म्हणाले, "आण इकडे, बाबांचं नाव मी लिहितो." पेन उघडलंसुद्धा. मीच हात धरला. तुमची वाक्यं तुम्हाला न विचारता नेली, आता नावही न विचारता घालायचं? ही दुसरी चोरी झाली असती. आणि मामंजी, खरं सांगू? सगळ्या निबंधात तेवढं एकच वाक्य चांगलं आहे. ते माझं म्हणून खपलं असतं तर मला रडू आलं असतं.

सासूबाईंना नमस्कार, वासराला घोंगडीपुरता आशीर्वाद.

तुम्हीच ठेवलेल्या नावाची,
नोसाखेले

ता. क. सोबत निबंधाचं शेवटचं पान आहे. मोकळ्या जागेत तुमच्या हातानं नाव लिहा आणि पान रविवारच्या टॅक्सीवाल्याकडे द्या. नाव द्यायचं नसेल तर कोरंच पाठवा, मी रागावणार नाही. (थोडी रागावेन.)

आणखी एक ता. क. सासूबाई एकदा चुलीपाशी म्हणाल्या होत्या, की त्या दिवशी नदीत तुम्ही बैलावर चाबूक उगारलात, तेव्हा काठावरून हे वाक्य त्याच ओरडल्या होत्या. खरं काय ते तुम्हालाच ठाऊक. मी दोन नावं मावतील एवढी जागा सोडली आहे. त्यांचं नाव तुमच्या हातानं लिहिलं जावं, असं मला फार वाटतं.