नाही कळलं, डॉक्टर

३ जून
तोच! औषधांची पत्रकं सोपी करायची म्हणून दवाखान्यानं पेशंटच्या घरच्या माणसांना बोलावलं, मी नाव दिलं, आणि समोरच्या खुर्चीत तोच डॉक्टर. ह्यांच्या उशाशी उभं राहून म्हणाला होता, "पत्रक दिलं होतं ना? वाचायला नको?" ह्यांच्या तोंडभर फोड, पाणीसुद्धा गिळवत नव्हतं. सांधेदुखीची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची, आणि मी बीपीच्या गोळीबरोबर रोज देत होते. ते वाक्य तिसऱ्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात. माझा माणूस गेला, वर शहाणपण ह्याचं.

मला ओळखलंही नाही. "मावशी, मोकळेपणानं सांगा हं." सांगते की!

४ जून
नियम झकास आहे. त्याच गोळीचं नवं पत्रक तिघांनी वाचायचं — मी, एक शिंपी, एक निवृत्त शिक्षिका — आणि गोळी कधी घ्यायची ते आपापल्या शब्दांत परत सांगायचं. एकाला जरी जमलं नाही, तरी पत्रक माघारी. तोवर पेशंटना जुनंच पत्रक द्यायचं.

म्हणजे माझं एकटीचं 'नाही' पुरे.

१८ जून
"प्रति सप्ताह एक मात्रा." वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "नाही कळलं, डॉक्टर." घाम फुटला त्याला.

२ जुलै
या खेपेला "आठवड्यातून एकदा". शिंप्यानं घडाघडा सांगितलं, बाईंनीही. मी विचारलं, "एकदा म्हणजे सकाळी एकदा?" चेहरा बघण्यासारखा झाला त्याचा. "मावशी, इतकं सोपं लिहिलंय!" मी म्हटलं, "वाचलं की."
घरी येऊन पोटभर जेवले. कितीतरी महिन्यांनी.

१६ जुलै
आता पहिलीच ओळ, ठसठशीत अक्षरात: 'फक्त सोमवारी. बाकीचे सहा दिवस ही गोळी घ्यायची नाही.' खाली: 'तोंडात फोड आले तर गोळी थांबवा, लगेच या.' शेंबड्या पोरालाही कळेल. ह्यांना नक्की कळलं असतं. डोळे भरून आले, आणि मग रागानं अंगाची लाही लाही झाली. हेच तेव्हा लिहायला काय धाड भरली होती?

"नाही कळलं."

जिन्यात शिंपी म्हणाला, "ताई, तुम्हाला सगळं कळतंय." मी उतरत राहिले. त्या डॉक्टरला नाक घासायला लावल्याशिवाय मी सोडणार नाही.

२२ जुलै
साखर तपासायला दवाखान्यात गेले होते. बाकावर शेजारी एक बाई. नवरा आत. तोंडभर फोड, पाणी गिळवत नाही. तिनं पत्रक माझ्यापुढे धरलं. जुनंच, याच महिन्यात मिळालेलं. "डॉक्टर म्हणतात, लिहिलंय. कुठं लिहिलंय हो, ताई?"

मी तिसरं पान उघडून बोट ठेवलं.