मुग्धाने दिलेला तिळगूळ

मकर संक्रांत, १९९१. डोंबिवली.

कुकर लावायचाय, पण आधी हे लिहिते. आज माझ्या मुग्धाने मूठ उघडली! स्वतःहून!

पाच वर्षांची झाली, पण सेरेब्रल पाल्सीमुळे तिची उजवी मूठ कायम आवळलेली. आम्ही एकेक बोट ओढून उघडायला जायचो, तशी ती आणखी घट्ट व्हायची. ठाण्याच्या थेरपिस्टबाईंनी ते बंदच करायला लावलं. "ओढू नका. घोड्यावर बसतात तसं लोडावर बसवा, हाताच्या तळव्यावर भार येऊ द्या आणि वाट बघा. धरण्यापेक्षा सोडणं तिला अवघड आहे." वाट बघा म्हणे! माझ्याच्याने होतं का ते?

आज आधी लोडावर तळवा टेकवून घेतला, मग मुठीत तिळगूळ दिला. समोर सासूबाई हात पसरून बसल्या. सोवळ्याच्या इतक्या कडक, की नातवंडांच्याही उष्ट्याला शिवत नाहीत. मुग्धाची लाळ ओघळली, तिळगूळ चिकट झाला. न राहवून मी बोटं ओढायला पुढे झाले, तर सासूबाईच ओरडल्या, "अगं थांब! ती देतेय ना मला!"

आणि अंगठा हलला. मग बोटं. तो चिकट, चेपलेला तिळगूळ सासूबाईंच्या तळहातावर पडला. मुग्धा खदखदून हसली. मी रडू की नाचू?

सासूबाईंनी तो तसाच तोंडात टाकला. मग तळहाताला चिकटलेले तीळ साऱ्या शेजाऱ्यांना दाखवून आल्या. देवापुढे दिवा लावायची वेळ टळून गेलीय, आणि त्यांनी अजून हात धुतलेला नाही.