अळणी शनिवार

कुवेंपुनगर, म्हैसूर
१० जून २०२४

चि. सुधींद्र,

आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. गुडघा कुरकुरतो, पण पार्कात एक चक्कर होते. सूनबाईने, सुप्रीताने पाठवलेली चटणीपुडी पोचली, छान झालीय.

फोनवर कॉलेजचं नाव काढलं की तू विषय बदलतोस, म्हणून कागद घेतला. लेकीला, अन्विताला दोनदा फिट आली म्हणून तू तिची इथली ॲडमिशन सोडणार, असं ऐकते. शिवाय सुप्रीताने तिला अळणी शनिवार धरायला लावलाय. सुम्ने, काही कारण नाही.

आपल्या घरात अशीच एक मुलगी होती. फिट यायची. डॉक्टरांनी ब्रोमाइडचं मिक्श्चर दिलं. जुनंच औषध, पण तेव्हा हाताशी तेच. आईने मारुतीला नवस बोलून तिचं मीठ तोडलं. देवाचं आणि डॉक्टरचं, दोन्ही मनोभावे.

आता बघ. ब्रोमाइड हे मिठाच्या भावकीतलं. मीठ कमी पडलं की शरीर ब्रोमाइडच धरून ठेवतं, लघवीवाटे जाऊ देत नाही. डोस तोच, पण अंगात साठत गेला. मुलगी पेंगायची, अडखळत बोलायची, तोंडभर पुरळ. मास्तर म्हणाले, मठ्ठ आहे. शाळा सुटली.

पुढे एका नव्या डॉक्टरांनी आधी हेच विचारलं, "हिला जेवायला काय देता?" ऐकून कपाळाला हात लावला. मिक्श्चर बंद, मीठ सुरू, वर फिटसाठी गार्डिनलची गोळी. दोनेक महिन्यांत मी घडाघडा बोलायला लागले.

हो, मीच ती. तुझ्या बाबांना, आमच्या अंबाजीदादाला, ठाऊक होतं, पण त्याने आईला शब्द दिला होता, बाहेर बोलायचं नाही. म्हणून 'आत्या लहानपणी जरा मंद होती' हेच ऐकत तू मोठा झालास. मी पुढे जन्मभर मुलांना रसायनशास्त्र शिकवलं, ते त्या रागापायीच.

अन्विताच्या गोळीचं मिठाशी काही देणंघेणं नाही, तिच्या डॉक्टरांना विचारून घेतलंय. पण मुलीला घरी बसवायची खोड तीच आहे, आणि ती मी चालू देणार नाही. ती माझ्याकडे राहील. फिट आली तर काय करायचं, हे मला कुणी शिकवायला नको.

पुढच्या सोमवारी तिला घेऊन ये. नाही आलास तर मी बसने बेंगळूरला येते, या गुडघ्यासकट. माझ्या सारात मीठ व्यवस्थित असतं, तिला सांग.

आणि हे पत्र आधी तिला वाचायला दे.

तुझी,
फिट येणारी, शिकलेली
सरस्वतीआत्या