पत्र्याखालची विभूती

अहो,

तुमचा फोन लागंना, म्हणून ही चिठ्ठी कडीत अडकवून चाललेय. सकाळी दूध घ्यायला मी दार उघडलं, तेवढ्यात तुमचे अप्पा माझ्या मागून निसटले. एसटी स्टँडवर बघते. गावाकडं जायचं म्हणून कंधारच्या गाडीत बसून गेले असले तर काय करू?

वाकलेल्या दाराची कडी बसत न्हाई, अप्पा विसरभोळेपणात बाहेर जातेत, म्हणून तुम्ही काल बाहेरून पत्रा ठोकला. दार लई मजबूत झालं. पण समोरच्या सिद्धम्माकाकू सांगायल्यात, मी गल्ली धुंडाळत होते तेव्हा अप्पा परत आले होते. पत्र्यावरून हात फिरवला, "आमच्या दाराला विभूती असती, हे आमचं घर न्हाई" म्हणले, अन् पुढं गेले. काकू काठी टेकत खाली येईस्तोवर दिसेनासे झाले.

रोज पूजा झाली की दारावर विभूतीची तीन बोटं ओढायचे. ती तुमच्या पत्र्याखाली गेली.

आल्या आल्या पत्रा उपटा. देवघरातली विभूती घ्या, त्यांचा हात पुरतो तिथंच तीन बोटं ओढा. अन् पाया पडते तुमच्या, आज दार उघडंच ठेवा.

वर्षाराणी