बाबांच्या तोंडी घातलेलं वाक्य

१२ मार्च, गुरुवार

प्रिय दादास,

धाकटीचा सलाम. आई बरी आहे, गुडघा तेवढा दुखतो. वहिनीची आठवण काढते. तुझं पाकीट पोचलं.

त्यातला कागद सही न करता परत पाठवतेय. तू लिहिलंयस, ‘शेवटच्या क्षणी बाबा मोठ्याने म्हणाले, येशू हाच ख्रिस्त आहे,’ आणि खाली माझ्या सहीसाठी रेघ. ऐकणारी म्हणून माझी साक्ष! अरे, कुणी ऐकलं हे? तू तर दुसऱ्या दिवशी सकाळी आलास, झग्याला कडक इस्त्री करून. दफनाच्या वेळी हेच ठोकून दिलंस, तेव्हा आईकडे बघून मी गप्प बसले. आता चर्चच्या स्मरणिकेत छापणार? पाळक आहेस की जाहिरातवाला?

आई म्हणते, “जाऊ दे गं, चांगलंच तर सांगतोय.” मी जाऊ देणार नाही.

काय झालं ते ऐक. बाबा गेले त्या मंगळवारी दुपारी मी त्यांची उशी सरळ करत होते. त्यांनी माझं मनगट धरलं.

“चिमे, तो तोच होता ना? की अजून कुणी यायचाय?”

भ्रमात नव्हते. डोळे माझ्यावर रोखलेले. चाळीस वर्षं लोकांना ‘येशू हाच येणारा मसीहा’ असं सांगणारा माणूस लहान पोरासारखा विचारत होता.

तुला याचीच लाज वाटते ना? फोनवर अर्धं सांगितलं तर म्हणालास, “हे कुणाजवळ बोलू नकोस.” अरे, तुरुंगात पडलेल्या, बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाने येशूकडे हेच विचारायला माणसं पाठवली होती! नदीकाठी ज्याने ‘हाच तो’ म्हणून सगळ्यांना येशू दाखवला, त्या योहानाने! येशू चिडला का? आंधळ्यांना दिसतंय, लंगडे चालतायत, गरिबांना शुभवर्तमान कळतंय, बघितलंत ते जाऊन सांगा, एवढंच म्हणाला. यशया संदेष्ट्याने शेकडो वर्षं आधी लिहून ठेवलेलं डोळ्यांसमोर घडत होतं, तीच मसीहाची खूण. आणि ती माणसं वळल्यावर गर्दीसमोर योहानाला केवढं मोठं म्हणाला! शास्त्राने तो प्रश्न झाकला नाही. तू कोण झाकणारा?

हे सगळं मला पाठ होतं, दादा. बाबांनीच करून घेतलेलं. फोनवर अर्धंच सांगितलं, कारण पुढे तू विचारलं असतंस, ‘मग तू काय म्हणालीस?’

मी म्हणाले, “झोपा बाबा, उगाच बडबडू नका.” आणि कप विसळायला गेले. धुतलेलाच कप. नळ सोडून उभी राहिले. त्यांचाच राग आला होता. यांनाच खात्री नाही, तर आम्ही कुणाच्या भरवशावर बसलो इतकी वर्षं? परत आले तेव्हा त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. संध्याकाळपर्यंत एक शब्द नाही. मग गेले.

तुझ्यावर काढतेय त्यातला निम्मा राग माझ्यावरचा आहे. उरलेला निम्मा तुझाच, तो सोडत नाही.

रविवारी मंडळीसमोर उभी राहून सांगणार आहे. त्यांचा प्रश्न, माझं पळून जाणं, आणि जे उत्तर त्यांना द्यायला हवं होतं ते. अडवायचं तर ये, सगळ्यांदेखत अडव.

हे पत्र पाळकसाहेबांना नाही, माझ्या भावाला आहे. अजून तो तिथे असेल तर.

बाबांजवळ असूनही नसलेली,
तुझी धाकटी